कोपराचा ठोका

"याचा हात जाईल," केवलराम म्हणाले.

दिपालीचा ब्रश हवेतच थांबला. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या फरशीवर, चार फूट लांबीचा पुठ्ठा पसरलेला होता. त्यावर सहा रणगाडे एका रांगेत काढले होते. प्रत्येकाचं वरचं झाकण उचलून बाजूला ठेवल्यासारखं, म्हणजे आत कोण कुठं असतं ते वरून दिसावं. आजोबांचं बोट चौथ्या रणगाड्यावर टेकलं होतं, तोफेच्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या एका इवल्याशा माणसावर.

"कोणाचा हात, आबा?"

"या लोडरचा. गोळे भरणाऱ्याचा. याले चुकीच्या बाजूले उभं केलं तू."

"चित्रातल्या माणसाचा हात जाते का कुठं?" आजी, गयाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. "पोट्टी चार दिवसांपासून खपून राहिली. चांगलं झालं म्हणाचं सोडून हे काय?"

"चांगलंच झालं. म्हणूनच सांगून राहिलो."

हुडकोच्या बागेजवळ माजी सैनिकांच्या संघानं एक निवृत्त रणगाडा आणून चौथऱ्यावर ठेवला होता. टी-पंचावन्न. दसऱ्याला त्याची पूजा होऊन तो लोकांसाठी खुला व्हायचा होता. शेजारी एक फलक लागणार होता: लढाऊ रणगाडे काल, आज. कोणत्या काळात कोणता रणगाडा होता, त्याची तोफ केवढी, गोळा कसा, आत माणसं किती. खैरागडला चित्रकला शिकणारी केवलरामची नात सुट्टीला घरी आलेली, म्हणून हे काम तिच्याकडे आलं. माहिती तिनं मोबाइलवरून गोळा केली होती. माणसांच्या जागा मात्र एकाच रणगाड्याच्या नकाशावरून घेऊन पहिल्या चारांत तशाच छापून टाकल्या होत्या.

"आबा, सब एक जैसेच नसतात का?" तिनं विचारलं. ती घरात मराठी बोलायची, पण वाक्य अर्ध्यावर गेलं की हिंदीच्या रुळावर चढायचं.

"नसते बाई. हा पहा विजयंता. याच्यात लोडर तोफेच्या डाव्या बाजूले, गनर, म्हणजे नेम धरणारा, उजव्या. हे तुहं बरोबर. म्हातारा शर्मन, सेंच्युरियन, तेही असेच. पण टी-पंचावन्न रशियाचा. त्याच्यात सारं उलटं. गनर डावीकडे, लोडर उजवीकडे. इथं जिथं तू लोडरले उभं केलं न, तिथं गनरची मांडी हाय."

दिपाली हसली. केवलराम हसले नाहीत. ते खाली बसले, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी खाली बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घेऊन म्हणाले, "विजयंतात तोफ तुह्या उजव्या हाताले. गोळा उजव्या हातानं ढकलाचा. मूठ बंद करून, असा. बोटं उघडी ठेवली तं तोफेचा मागचा दरवाजा बोटं घेऊन बंद होते. आता टी-पंचावन्नात तोफ डाव्या हाताले आली. म्हणजे गोळा डाव्या हातानं भराचा. आन् गोळा केवढा? चल दाखवतो."

व्हरांड्यात सकाळीच आलेलं गॅसचं सिलेंडर उभं होतं, सील न काढलेलं.

"उचल. डाव्या हातानं."

दिपालीनं दोन्ही हात लावले, तेव्हा ते वीतभर उचललं गेलं.

"तीस किलो. टी-पंचावन्नचा गोळा एवढाच असे, थोडा कमी म्हण. हे उचलून, वाकून, आपल्या बाथरूमच्या अर्ध्या जागेत उभं राहून आठ सेकंदांत तोफेत भराचं. गाडी खड्ड्यातून उड्या मारून राहिली, आन् तू..." केवलरामनी सिलेंडरच्या कड्यात डावा हात घातला.

"हात लावू नका त्याले!" गयाबाई सुपासकट बाहेर आल्या. "कंबर धरली तं कोण शेकून देईल? मी नाही देत."

"दाखवून राहिलो फक्त."

"दाखवून झालं. सोडा."

त्यांनी सोडलं. पण दिपालीला एक गोष्ट दिसली, आणि ती तिच्या चित्रकाराच्या डोळ्यात राहिली. आजोबांचा डावा हात सिलेंडरवर होता तेव्हा उजवा हात त्यांनी पाठीमागे, कमरेवर घट्ट दाबून धरला होता. जणू त्याला तिथून हलायची परवानगी नव्हती.

त्या दुपारी केवलरामनी नातीचा फलक ओळीनं दुरुस्त केला. तिला हवे होते आकडे. ते सांगत होते हातांत आलेलं वजन. शर्मनचा गोळा त्यांनी कधी भरला नव्हता, नगरच्या ट्रेनिंगमध्ये फक्त हाती धरला होता. वर्षाच्या लेकरासारखा, काखेत मावणारा. विजयंताचा गोळा वीस किलोचा, शाळेत जायला लागलेल्या पोरासारखा. त्यातही जाती. एक हेश नावाचा होता. तो रणगाड्यावर आपटला की फुटायच्या आधी गोवरी थापल्यासारखा चपटा होऊन चिकटतो. भिंतीला भोक पडत नाही, पण आतल्या बाजूनं पोलादाचे ढलपे उडतात. "बाहेरून गाडी चांगली दिसते. आत कोणी राहात नाही," केवलराम म्हणाले आणि पुढं त्याच्याबद्दल बोलले नाहीत. एकाहत्तरच्या लढाईत ते एकवीस वर्षांचे होते. घरात कोणी त्या लढाईबद्दल विचारलं की ते असंच एक वाक्य सांगून उठायचे.

मग सॅबो. लांब, बारीक, कठीण धातूचा दांडा, त्याभोवती अंगरखा. तोफेच्या नळीबाहेर पडला की अंगरखा गळून जातो आणि नुसता दांडा पुढं जातो. आधीच्या काळात पोलाद भेदायला मोठा, जड, भरीव गोळा लागायचा. पुढं पुढं तो बारीक होत गेला आणि वेग वाढत गेला. आताच्याला तर बाणासारखे पंख असतात.

"आणि टी-बहात्तरमध्ये?" दिपालीनं पाचव्या रणगाड्यावर ब्रश ठेवला. "इथं तर माणसं तीनच आहेत. लोडर कुठं गेला?"

"त्याच्यात लोडर नाही. गोळा वेगळा, बारूद वेगळी, दोन तुकडे. खाली गोल चक्रात ठेवलेले असते. बटन दाबलं की मशीन उचलते, मशीन भरते. मशीनचा हात तुटत नाही न."

"मग अर्जुनमध्ये परत चार?"

"परत आला लोडर." केवलराम पहिल्यांदा हसले. "आपल्याकडच्यांनी परत बोलावला. माणसासारखं दुसरं काही भेटलं नसन."

दिपालीनं चौथ्या रणगाड्यातला लोडर पांढऱ्या रंगाखाली बुजवला. रंग सुकला की उजव्या बाजूला नवा काढू म्हणाली. मग सहजच विचारलं, "आबा, तुम्हाला सुरुवातीला कन्फ्यूजन नाही झालं? इतकी वर्षं एका बाजूला आणि मग एकदम दुसऱ्या?"

केवलरामनी चष्मा काढून बंडीला पुसला. "झालं एकदा," ते म्हणाले, आणि चहा झाला का ते पाहायला आत गेले.

ते एकदा सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं होतं.

सत्त्याहत्तर साली केवलराम सत्तावीस वर्षांचा सवार, म्हणजे रणगाडा दलातला साधा शिपाई, होता. गोंदियाकडच्या गावात त्याचं नुकतं लग्न झालं होतं. रेजिमेंटला विजयंता जाऊन टी-पंचावन्न मिळून दीड वर्ष झालं होतं. त्याच्या रणगाड्यावर गनर होता लान्स दफादार कृष्णराव. हा दुर्गच्या रेल्वेवाल्या घरातला. बाप गँगमन, आजा गँगमन, आणि हा घरातला पहिला जो रूळ सोडून रणगाड्यावर बसला. केवलरामपेक्षा पाच वर्षांनी मोठा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे.

टी-पंचावन्नच्या पहिल्याच दिवशी उस्तादनं केवलरामला एक गोष्ट घालून दिली होती. नियमाप्रमाणे लोडरनं गोळा भरला की "लोडेड" असं ओरडायचं, मग गनरनं घोडा दाबायचा. उस्ताद म्हणाला, "तू लोडेड म्हण का म्हणू नको. तोंड सवयीनं चालते. मले त्याच्यावर भरवसा नाही. गोळा भरला की मागं सरकाचं आन् उजव्या कोपरानं भिंतीले ठोका द्याचा. कोपर भिंतीले लागलं म्हणजे हात तोफेच्या मागं नाही. आपल्या दोघांच्या मधात तोफ हाय, मले तू दिसत नाहीस. पण पोलादातून ठोका येते. कानात नाही, पाठीत येते. तो आला का मी फायर करीन."

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बाकीच्या गाड्यांवरचे हसायचे. "केवल्या दार वाजवून आत जाते," असं म्हणायचे. दीड वर्षात केवलरामच्या उजव्या कोपराला घट्टा पडला होता.

त्या वर्षीच्या फायरिंगला मोठे साहेब पाहायला आले होते. वाळूत टारगेटं मांडलेली, आणि गाड्यागाड्यांत चुरस लागलेली, कोण कमी वेळात जास्त पाडतं. केवलरामच्या गाडीनं पहिली दोन पाडली. आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं, बारुदीच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. तिसरा गोळा त्यानं डाव्या हातानं भरला, दरवाजा बंद झाला, "लोडेड" म्हणून ओरडला. आणि मग अंगात जे सात वर्षं मुरलं होतं ते वर आलं. चौथा गोळा लवकर हाताशी असावा म्हणून तो वळला, पण वळला तो विजयंतात वळायचा तसा. उजवा हात तोफेच्या मागून, आडवा, पलीकडे गेला. तिथं गोळा नव्हता. तिथं उस्तादची पाठ होती.

तोफ उडाली की दीड-दोन फूट मागं येते. सगळं मिळून डोळा लवायच्या आत. मधे हाड आहे की हवा आहे, हे तिला कळत नाही.

कमांडर म्हणाला, "फायर."

तोफ उडाली नाही.

कमांडर पुन्हा ओरडला, "फायर!" आणि मग एक शिवी.

तेवढ्या वेळात केवलरामला आपला हात दिसला. आपलाच हात, पण दुसऱ्या कोणाचा असावा तसा, काळ्या पोलादाच्या मागं लोंबणारा. त्यानं तो ओढून घेतला, मागं आदळला, कोपर भिंतीला लागलं.

तोफ उडाली. गोळा वाळूत गेला. सरकतं टारगेट तोवर उंचवट्याआड झालं होतं.

संध्याकाळी तंबूत चौकशी झाली. दोनदा हुकूम देऊनही गनरनं फायर का केलं नाही? लोडर चुकला, हे सांगितलं असतं तर केवलरामला रणगाड्यावरून उतरवून लंगरात कांदे कापायला बसवलं असतं. चुकीच्या बाजूला हात टाकणाऱ्याला कोणी पुन्हा आत घेत नाही. केवलराम तंबूच्या दारात सावधानमध्ये उभा होता. त्याच्या घशाशी शब्द आले होते. तेवढ्यात कृष्णराव म्हणाला, "साहेब, साइटमध्ये टारगेट हरवलं."

गनरनं असं म्हणणं म्हणजे सोनारानं सोनं ओळखू आलं नाही म्हणण्यासारखं. त्याची दफादारी दोन वर्षं लांबली. केवलराम गप्प राहिला. त्या दिवशी गप्प राहिला, आणि दुसऱ्या दिवशी बोलणं आदल्या दिवसापेक्षा अवघड झालं.

पुढं टी-बहात्तर आला. लोडरची जागा मशीननं घेतली. केवलराम काही वर्षं दुसऱ्या कामांवर राहून छत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला, आणि माजी सैनिक म्हणून भिलाईच्या कारखान्यात, प्लेट मिलमध्ये लागला. तिथं लाटून निघालेल्या, गार झालेल्या पोलादी प्लेटांवर नंबर लिहायचं काम त्यानं साठीपर्यंत केलं. पांढऱ्या रंगात, मोठ्या अक्षरांत, उजव्या हातानं. मिलमधले म्हणायचे, केवलरामचे नंबर क्रेनवरूनही वाचता येतात. त्याच हातानं त्यानं मुलाला सायकलवर तोल धरायला शिकवलं. गयाबाईंना टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर भाकरी थापल्या, जाड, कडा फाटलेल्या. दिपाली जन्मली तेव्हा तिचं डोकं त्या पंजात मावत होतं. प्रत्येक वेळी नाही, पण पुष्कळदा, तो हात एखाद्या गोष्टीकडे जाताना केवलरामला मधेच दिसायचा. वाटायचं, हा तर त्या दिवशी गेलाच होता. हा उस्तादनं दिलेला आहे.

कृष्णरावही निवृत्त होऊन दुर्गला परतले होते. भिलाईहून दुर्ग ते काय! दर दसऱ्याला केवलराम पावर हाउस भागातल्या बाजारातून आपट्याची पानं घ्यायचे, तिथूनच ऑटोत बसायचे, उस्तादच्या हातावर सोनं ठेवायचे, पाया पडायचे. चिवडा खायचे, चहा प्यायचे. आणि एक वाक्य, जे बोलायला म्हणून गेले असत, ते तसंच परत घेऊन यायचे. वाक्य लहान होतं: उस्ताद, टारगेट हरवलं नव्हतं, माहा हात मधात होता. जगात हे सगळ्यांत आधी ज्याला माहीत होतं त्यालाच ते सांगायचं होतं, म्हणून ते कधी सांगून झालं नाही.

दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना कृष्णरावांच्या मुलीचा, भाग्यश्रीचा, फोन आला. ती दुर्गला शाळेत शिकवायची आणि वडील तिच्याकडे असत. भाऊ पराग पुण्याला होता.

"काका, रणगाड्याच्या पूजेला बाबांना घेऊन येतो आम्ही. त्यांची लई इच्छा हाय. पण सांगून ठेवते, काचबिंदूनं आता दुसराही डोळा गेला. आवाजावरून ओळखतात फक्त." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि पराग आलाय पुण्याहून. दिवाळीच्या आधी बाबांना तिकडे नेऊन राहिला. माझ्या शाळेपायी दिवसभर ते एकटेच राहतात न. म्हणजे यापुढं तुमचं दसऱ्याचं सोनं..."

"हो," केवलराम म्हणाले. "हो, हो. घेऊन ये त्याले."

फोन ठेवून ते बराच वेळ व्हरांड्यात सिलेंडरशेजारी बसले. ज्या डोळ्याला टारगेट दिसलं नाही असं त्या माणसानं भर तंबूत सांगितलं, तो डोळा आता खरंच गेला होता. आणि बोलायला एकच दसरा उरला होता.

"काय झालं?" गयाबाईंनी विचारलं.

"मले त्या दिवशी बोलाचं हाय. माइकवर."

"तुमाले?" त्या चकित झाल्या. "लेकाच्या लग्नात दोन शब्द बोला म्हटलं तं मंडपाच्या मागं जाऊन बसले होते तुमी."

दसऱ्याच्या सकाळी बागेजवळ शामियाना लागला. रणगाडा धुऊन पुसून उभा होता, तोफेला झेंडूची माळ, पट्ट्यांवर कुंकवाची बोटं. दिपालीचा फलक लोखंडी चौकटीत बसला होता. लोकांत सगळे होते, छत्तीसगडी, तेलुगू, पंजाबी, बंगाली, कारखान्यानं जमवलेले आणि कारखान्यानं निवृत्त केलेले. कृष्णरावांना भाग्यश्री हात धरून घेऊन आली. पांढरा सदरा, छातीवर पदकं, डोळ्यांवर काळा चष्मा. पराग मागून घडीची खुर्ची घेऊन येत होता.

"केवल्या आला का बे?" खुर्चीत बसायच्या आधीच कृष्णरावांनी हवेत विचारलं.

"आलो, उस्ताद."

"मले आधी गाडीजवळ ने. माणसं मंग पाहीन."

केवलरामनी त्यांना चौथऱ्यावर चढवलं. उतरत्या पुढच्या पत्र्यावर कृष्णरावांनी तळवा ठेवला, आणि ओळखीचा चेहरा चाचपावा तसा तो हळूहळू वर नेला. चालकाच्या खिडकीची कड त्यांना सापडली. "हं," ते म्हणाले. "म्हणजे माही जागा हिच्यामागं, वर." ते चालकाच्या खिडकीसमोर उभे राहिले, पाठ ताठ.

संघाच्या माणसानं नाव पुकारलं. केवलरामच्या हातात माइक आला. त्यांनी हिंदीत सुरुवात केली, पाठ केलं होतं तसं. हा रणगाडा अमुक टनांचा, तोफ शंभर मिलिमीटरची, आत चार माणसं. मग ते थांबले. बागेतल्या वडावर पोपटांचा गलका चालला होता. ते पुढं बोलले ते घरच्या बोलीत, आणि समोरच्या बहुतेकांना ते कळणार नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"सत्त्याहत्तर साली माह्या हातून चूक झाली. मी विजयंताच्या बाजूले वळलो. माहा हात तोफेच्या मागं होता आन् फायरचा हुकूम झाला होता. उस्तादनं घोडा दाबला नाही. दोनदा हुकूम झाला, तरी दाबला नाही. ठोका आला नव्हता न. मंग विचारलं तं म्हणाला, टारगेट हरवलं. टारगेट हरवलं नव्हतं. त्याचा डोळा ससाण्याचा होता. त्याची दोन वर्षं गेली माह्यापायी आन् मी दारात उभा राहून आइकत राहिलो." त्यांनी उजवा हात वर केला, माइक डाव्यात घेऊन. "हा हात याचा हाय. मी सत्तेचाळीस वर्षं वापरला. एवढंच सांगाचं होतं."

मग मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कारण वाक्य संपलं असं वाटलं. गयाबाई बायकांच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. भाग्यश्री वडिलांकडे पाहत होती. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

कृष्णरावांचा तळवा पोलादावर होता.

"ठोका दे," ते म्हणाले.

"उस्ताद?"

"बोलणं आइकलं. ठोका दे. जागेवर जाऊन."

केवलराम माइक ठेवून घाईनं उजवीकडे सरकले आणि पत्र्याला कोपर लावायला वळले. कृष्णरावांनी मान फिरवून पावलांचा आवाज कुठं थांबला ते ऐकलं, आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरत गेलं.

"काय बे केवल्या! माह्याच अंगाले येऊन उभा राहिला? समोरून पाहून राहिलो आपण गाडीकडे. तिची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताले. सत्तेचाळीस वर्षं झाली, अजून चुकीच्याच बाजूले?"

पहिल्यांदा भाग्यश्री हसली, मग दिपाली, मग गयाबाई पदरातून. केवलराम स्वतःही हसले, आणि हसता हसता डोळे पुसत पलीकडे गेले. रणगाड्याच्या उजव्या अंगाला उभं राहून त्यांनी जाड पोलादावर कोपर मारलं. आवाज आला नाही.

"तिथं नको. तिचं कातडं जाड हाय. मडगार्डावर मार."

ठक.

कृष्णरावांनी तळवा तसाच ठेवला होता. बराच वेळ. "आला," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, जे फक्त चौथऱ्यावरच्या माणसाला ऐकू गेलं, "दर दसऱ्याले तू पाया पडाले वाकत होतास, तवा वाटे आज बोलन. नाही बोलला तं नाही. मले कुठं घाई होती? ठोका येईपर्यंत थांबाची सवय हाय मले."

केवलरामनी खिशातून आपट्याची पानं काढली आणि उस्तादच्या हातावर ठेवली. या वेळी वाकले ते नुसते वाकले. उठताना बरोबर काही परत न्यायचं नव्हतं.

"पुण्याले माणसं कशी असते रे?" कृष्णरावांनी विचारलं.

"चांगली असतीन. तुमाले कोणी वाईट भेटलं का आजपर्यंत?"

"भेटलं न. एक लोडर होता."

जेवणं झाली, माणसं पांगली. पराग वडिलांना गाडीत बसवून परत आला आणि केवलरामच्या पाया पडला. ते गेल्यावर गयाबाई म्हणाल्या, "एवढं पोटात घेऊन राहिले माह्यासंगं? मले कावून नाही सांगितलं?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी नवऱ्याचा उजवा हात, भर रस्त्यात, मनगटाशी धरला. पुढच्या वळणापर्यंत सोडला नाही.

दिपाली मागं राहिली होती. झोळ्यातून तिनं रंगाची बाटली काढली होती. संध्याकाळी केवलराम फिरत फिरत पुन्हा बागेपाशी आले, तेव्हा ती फलकाशी वाकलेली होती. चौथ्या रणगाड्यात लोडर आता उजव्या बाजूला होता, बरोबर जागी. आकड्यांत, नावांत काही बदल नव्हता. फक्त त्या इवल्याशा माणसाचा उजवा हात तिनं नव्यानं काढला होता. तो तोफेपासून दूर होता, आणि कोपर भिंतीला टेकलेलं होतं.

"बराबर हाय का आबा?"

केवलरामनी चष्मा चढवला. खूप जवळ जाऊन पाहिलं. बोट पुढं केलं, आणि मधेच थांबवलं. रंग ओला होता.

"बराबर हाय," ते म्हणाले.